दुकानाची पायरी

आपला माणूस शहरात जातो तो कामासाठी. कोर्टाची तारीख असते, सिव्हिल हॉस्पिटल असते, जातीच्या दाखल्याची पडताळणी असते, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अडकलेला अर्ज असतो, नाहीतर कलेक्टर कचेरीवर मोर्चा असतो. काम झाले की मिळेल ती एस.टी. धरून तो परततो. स्टँडसमोरच्या गाड्यावर वडापाव आणि कटिंग चहा घेतला तर तेवढीच चैन. दिवसभर एकट्याने शहर बघावे, या दुकानातून त्या दुकानात जावे, भाव विचारावा, माल हातात घेऊन पाहावा आणि काही न घेता पुढे निघावे, असे त्याच्या मनात सहसा येत नाही. कुणी सुचवलेच तर तो म्हणतो, 'ते रिकामटेकड्यांचे धंदे. आपल्याला एवढा वेळ कुठला?'

समुदायाने आपण सगळीकडे जातो. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. बायकापोरांना घेऊन, भाकरी बांधून, ट्रकच्या हौद्यात बसून, रेल्वेच्या जनरल डब्यात उभे राहून लाखोंनी जातो. त्या गर्दीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. पण गर्दीत असताना माणसाच्या पाठीशी गर्दीचे बळ असते. एकटा माणूस, हातात कुठलेही काम नसलेला, अनोळखी बाजारपेठेतून छाती पुढे काढून चालतो तेव्हा त्याच्या पाठीशी काय असते? हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

कुणी म्हणेल, बाजारात हिंडायला पैसा लागतो, आपल्या माणसाकडे पैसा नाही, विषय संपला. पैशाचा प्रश्न खरा आहे. पण तो एकटा नाही. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनाही बाजार बंद होता. जुन्या माणसांना विचारा. दुकानाची पायरी चढायची नाही. खाली उभे राहायचे. पैसे जमिनीवर ठेवायचे, दुकानदार त्यांवर पाणी शिंपडून ते उचलणार, आणि माल वरून टाकणार. कापड बोटांनी चाचपून पाहायचे नाही, कारण हात लागला की ते थानच बाटले. भावात घासाघीस नाही. जे फेकले ते घ्यायचे आणि चालू लागायचे. चहाच्या हॉटेलात कपबशी वेगळी, तीही आपणच विसळून बाहेरच्या कोनाड्यात ठेवायची. अशा बाजारात कोण हौसेने हिंडेल? गरज पडली तर जायचे, काम उरकायचे आणि कुणाच्या नजरेत भरायच्या आत निघायचे. ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरली. आज पायरी चढायला कुणी आडवे येत नाही, तरी पाय आपोआप घाईत पडतात.

हे समजून घ्यायला साताऱ्याइतके योग्य शहर दुसरे नाही.

सुभेदार रामजी सकपाळांचे कुटुंब निवृत्तीनंतर काही काळाने साताऱ्याला आले. १८९६ साली भीमाबाईंचे निधन तिथेच झाले आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. नोंद क्रमांक १९१४. तेव्हा ती शाळा राजवाड्यात भरत असे. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली निर्णय घेतला आणि ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जाऊ लागला. हे सगळे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पण त्याच साताऱ्यातील दुसरी एक गोष्ट आपण तेवढी बोलत नाही. ती बाजारातली आहे.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या छोट्या इंग्रजी लेखनात, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये, ती नोंदवून ठेवली आहे. साताऱ्यात न्हावी होते. त्यांना द्यायला घरात पैसेही होते. पण या मुलांचे केस कापायला एकही न्हावी तयार नव्हता. मग थोरल्या बहिणीने कात्री हातात घेतली आणि सरावाने ती त्या कामात तरबेज झाली. साताऱ्यात धोबीही होते. त्यांनाही पैसे देता आले असते. पण अस्पृश्याच्या घरचे कपडे कुणी धूत नव्हते. लक्षात घ्या, बाबासाहेब पुन्हा पुन्हा हेच सांगतात की शहरात सोय होती आणि खिशात पैसा होता. तरीही दार बंद होते.

त्याच लेखनात १९०१ सालचा मसूर ते गोरेगाव प्रवास आहे. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावले. मुलांचा आनंद काय वर्णावा! प्रवासासाठी नवी खरेदी झाली. विलायती कापडाचे सदरे, लखलखत्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. टांगा करून मुले स्टेशनवर गेली, आगगाडीत बसली आणि मसूरला उतरली. घ्यायला कुणी आले नव्हते. पोशाख पाहून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची मुले वाटली आणि तो आपुलकीने चौकशी करू लागला. मुलांनी भाबडेपणाने 'आम्ही महार' असे सांगितले आणि त्याचा चेहराच पालटला. पुढे दुप्पट भाडे देऊन आणि बैलगाडी स्वतः हाकून ती मुले निघाली, गाडीवान बाजूने चालत राहिला. रात्रभर त्यांना पाणी मिळाले नाही. बरोबर अन्न होते. पाण्यावाचून ते घशाखाली उतरले नाही. साताऱ्याच्या बाजारातले उत्तम कपडे अंगावर होते. त्या कपड्यांनी त्यांना एका स्टेशनापुरते माणूस बनवले.

ही घटना आपण नेहमी पाण्याच्या अंगाने वाचतो. तिच्यात बाजाराची बाजूही आहे. वस्तू विकत घेता आली म्हणून हक्क विकत घेता येत नाही, हे त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मसूर स्टेशनवर कळले.

आता तिथून थेट संविधान सभेत या. २९ नोव्हेंबर १९४८. चर्चा चालू होती त्या कलमावर, जे आज संविधानात कलम १५ म्हणून आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येणार नाही; विहिरी, तलाव, घाट, रस्ते वापरण्यास मनाई करता येणार नाही. 'दुकान' या शब्दात काय काय येते, असा प्रश्न सभागृहात निघाला. धोब्याची लाँड्री येते का? केस कापण्याचे सलून येते का? मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून उत्तर द्यायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी सांगितले की दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. मोबदला घेऊन आपली सेवा लोकांना देऊ करणारा जो कुणी आहे, त्याची जागा ती दुकान. नुसता आत शिरण्याचा हा हक्क नाही, ती सेवा मिळण्याचा हक्क आहे.

वाचकहो, न्हावी आणि धोबी! साताऱ्यात ज्या दोन दुकानांची दारे या मुलाला बंद होती, त्याच दोन दुकानांविषयी ४७-४८ वर्षांनी देशाच्या संविधान सभेत प्रश्न आला आणि उत्तर देण्याची पाळी त्याच मुलावर आली. त्याच दिवशी, त्याच सभागृहात, अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही मंजूर झाले, जे आज कलम १७ आहे. बहिणीच्या हातातली ती कात्री त्या वेळी बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे आली असेल का, हे सांगायला कुणी नाही. पण कायद्यातला एखादा शब्द किती रुंद ठेवायचा, हे ज्याने दार बंद झालेले पाहिले आहे त्याला अधिक कळते, एवढे निश्चित. 'दुकान' हा शब्द त्यांनी इतका रुंद ठेवला की २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला खाजगी महाविद्यालयांतील प्रवेशाच्या एका प्रकरणात त्याच स्पष्टीकरणाचा आधार घ्यावासा वाटला.

पुढे १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. १९७६ साली तो कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्याचे कलम ४ दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांच्या प्रवेशाविषयी आहे आणि कलम ६ माल विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार देण्याविषयी. अस्पृश्यतेच्या कारणावरून असा नकार दिला तर किमान एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने कैद, शिवाय दंड. हे कलम आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असते. पण हक्क वापरात नसला तर तो कपाटातल्या ताम्रपटासारखा होतो.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी एक दिवस साताऱ्यात आणि एक दिवस सांगलीत काढला. एकटा होतो. काम काहीही नव्हते.

साताऱ्याच्या स्टँडवरून पोवई नाका गाठला. तिथे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या समाधीपाशी थांबलो. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारा आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणून सगळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवणारा हा माणूस. ज्या शहरात भिवाला वर्गात स्वतंत्र गोणपाटावर बसावे लागले, त्याच शहरात पंचवीस वर्षांच्या आत एका पंगतीचे वसतिगृह उभे राहिले. आणि याच जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई जन्मल्या, याच जिल्ह्यातले कटगुण हे जोतीरावांच्या पूर्वजांचे गाव. शहर पाहायचे तर अशा दोन्ही खुणा एकाच डोळ्याने पाहाव्या लागतात.

राजपथावरून चालत मोती चौकाकडे निघालो. दोन्ही बाजूंनी दुकानांची रांग. भांडी, चपला, मोबाईल, चष्मे, कंदी पेढे. खणआळीत कापड आणि बायकांच्या वस्तू यांची दाटी. एका कापडाच्या दुकानात शिरलो. मालक गादीवरूनच म्हणाला, 'या पाहुणे, काय दाखवू?' मी म्हणालो, बघतो आधी. त्याने दहा-बारा सदरे काढले. मी एकेक हातात घेतला, शिवण पाहिली, कॉलर पाहिली, भाव विचारला. मध्येच त्याने विचारले, 'गाव कुठलं?' गाव सांगितले. मग तो नेहमीचा दुसरा प्रश्न, 'आडनाव?' आडनाव सांगितले. तो 'हां' म्हणाला आणि घड्या घालू लागला. त्याच्या मनात काय आले असेल ते त्याचे त्याला माहीत. पण पुढचा सदरा दाखवायचे त्याने थांबवले नाही आणि मी मागितल्यावर पोऱ्याने पाण्याचा ग्लास आणून हातात दिला. मी काही न घेता निघालो. तो जरा नाराज झाला. ती नाराजी गिऱ्हाईक हातचे गेल्याची होती. कुठलाही दुकानदार कुठल्याही गिऱ्हाईकावर होईल तशीच. खरे सांगतो, त्या नाराजीचा मला आनंद झाला.

आडनावाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. सदऱ्याच्या मापाला आडनाव लागत नाही. तरीही तो प्रश्न येतो. कापडाच्या दुकानात तो सहज विरून जातो. भाड्याची खोली शोधताना तो विरत नाही. 'खोली आहे' असे फोनवर ऐकून गेलेल्या आपल्या किती मुलांना आडनाव सांगताच 'कालच गेली' हे उत्तर मिळाले आहे, ते त्यांनाच विचारा. पायरी चढता आली म्हणजे सगळे घर उघडले असे समजण्याचे कारण नाही.

पुढे राजवाडा, गोल बाग, शेजारी चौपाटीच्या गाड्या. शाळेच्या परिसरात गेलो. आज तिथे जिल्हा परिषदेची शाळा आहे. बाबासाहेबांच्या प्रवेशाची नोंद असलेले ते जुने रजिस्टर शाळेने जपून ठेवले आहे. मधल्या सुट्टीत मुले बाहेर आली आणि समोरच्या गाडीवर बोरे-चिंचा घ्यायला तुटून पडली. कोण कुणाचा हे ओळखू येत नव्हते. गाडीवाली बाई पैसे हातातून हातात घेत होती. १९०० साली याच जागी या व्यवहाराची कल्पनाही करता आली नसती.

दुसऱ्या दिवशी सांगली. सातारा आणि सांगली हे मुळात एकाच जिल्ह्याचे दोन तुकडे. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. वाटेत वाळवे तालुक्याचे नाव निघाले की आपल्याला वाटेगाव आठवते. १ ऑगस्ट १९२० रोजी तिथल्या मांगवाड्यात अण्णा भाऊ साठे जन्मले. लहान वयात आईबापांबरोबर ते पायी मुंबईला गेले. शाळा अशी त्यांना लाभलीच नाही. मुंबईत हिंडताना दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर्स वाचत त्यांनी अक्षरे जोडली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. रिकामटेकडे हिंडणे म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, त्यातून हा माणूस वाचायला शिकला. १९५९ साली त्याने 'फकिरा' लिहून बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आणि १९६१ साली तो रशिया पाहून आला. 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक ज्यांनी वाचले नाही त्यांनी मिळवून वाचावे. परक्या देशातली नगरे ताठ मानेने कशी पाहावी, ते त्यात कळते.

सांगलीत कृष्णेच्या घाटावर गेलो. १९२९ सालचा आयर्विन पूल पाहिला. २००५, २०१९ आणि २०२१ साली याच नदीने पेठेतल्या दुकानांत पाणी घातले होते. मग मार्केट यार्ड. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीच्या सौद्याच्या वेळी त्या यार्डात उभे राहून बघण्यासारखे असते. पोती उसवली जातात, व्यापारी मूठभर हळकुंडे हातात घेतो, मोडून आतला रंग पाहतो आणि बोली चालते. मी बाजूला उभा राहून पोती वाहणारे हात पाहत होतो. १९६९ सालच्या माथाडी कायद्याने त्या हातांना थोडे संरक्षण दिले. पण बोली लावणारे हात आणि पोती उचलणारे हात यांच्यात आपले हात कुठे जास्त दिसतात, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

तिथून मिरज. सतारमेकरांच्या दुकानांत शिरलो. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा धरला. भोपळे सोलापूर जिल्ह्यातून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली मानांकन मिळाले. एका कारागिराला मी आधीच सांगितले, मला वाजवता येत नाही आणि घ्यायचेही नाही. त्याने काम बाजूला ठेवून भोपळा कसा वाळवतात, तबली कशी बसवतात, तारा कशा लावतात ते दाखवले. तलवारी बनवणाऱ्यांच्या हातांना नवा धंदा सापडला आणि त्यांनी तो शंभरावर वर्षे टिकवला. जातीने नेमून दिलेले काम सुटल्यावर माणूस नवे काम शोधतो, त्याला पेठेत एक गाळा मिळतो, त्याच्या नावाची पाटी लागते. आपल्या समाजाने हे पाहायला हवे.

कारण चळवळीचा पुढचा प्रश्न इथे आहे. दुकानात शिरण्याचा हक्क संविधानाने दिला. गल्ल्यावर बसायचे कसे, ते आपल्याला शिकावे लागेल. सातारा असो, सांगली असो, मुख्य पेठेतल्या पाट्या वाचत चाला. आपल्या माणसांची आडनावे किती दिसतात? सरकारी नोकऱ्या आटत चालल्या, शिकलेली पोरे कंत्राटावर राबतात, आणि पेठेत मात्र आपण अजून गिऱ्हाईक किंवा हमाल. पिढीजात भांडवल नाही, जामीन राहायला कुणी नाही, गाळा भाड्याने देताना तोच आडनावाचा प्रश्न. या अडचणी खऱ्या आहेत. पण बाजार कसा चालतो, कुठला माल कुठून येतो, नफा कुठे मुरतो, हे ज्याने बाजारात उभे राहून कधी पाहिलेच नाही त्याला धंदा सुचणार कसा? व्यापाऱ्याचे पोर लहानपणापासून दुकानात लुडबुडते, त्यातूनच ते शिकते. आपल्या पोराला ती लुडबुड करायला मिळत नाही. एक दिवस बाजारात विनाकारण हिंडणे ही तेवढ्यापुरती त्याची शाळाच आहे.

बाजाराचे हत्यार उलटेही चालते, हेही विसरू नये. गावात आपल्या माणसाने हक्क मागितला की पहिला बहिष्कार किराणा दुकानातून सुरू होतो. मीठ-मिरची बंद, पिठाची गिरणी बंद, दूध बंद. महाडला मार्च १९२७ च्या परिषदेसाठी पिण्याचे पाणी ४० रुपयांना विकत घ्यावे लागले होते. म्हणूनच १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिताना बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली. महाराष्ट्रात तसा स्वतंत्र कायदा व्हायला २०१६ साल उजाडले. ज्या समाजाचे गावात एकही दुकान नाही, त्याला बहिष्कार घालणे सोपे असते.

एकटा माणूस आणि मोठे शहर यांची गाठ कशी पडते, याचे दोन टोकांचे अनुभव बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहेत. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला होते. अभ्यासातून वेळ मिळाला की जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तिथे सुमारे २,००० पुस्तके जमवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तिथल्या दुकानदाराने त्यांना आडनाव विचारले नाही. १९१७ साली तेच बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना उतरायला जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास त्यांनी सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून काढले. मोठ्या शहरात एकट्याने काढलेला तो दिवस. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस आणि त्याला जायला एक दार नाही. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. ती सहलच होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून गोंधळ झाला आणि शेवटी पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. आज आपले तरुण वेरूळला जातात, दौलताबादला जातात, मोबाईलवर फोटो काढतात. काढावेत. पण त्या हौदापाशी मिनिटभर थांबावे.

आपल्या भगिनींना हे अधिक लागू आहे. पुरुषाला एकट्याने हिंडण्याची मुभा थोडीतरी आहे. बाईला घरातूनच प्रश्न येतो, 'एकटी कशाला? काय काम आहे?' डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते तो टाका, नीटनेटके लुगडे नेसा. बायकांनी लगोलग नेसण्याची पद्धत बदलली. काय नेसावे हा प्रश्न त्या दिवशी चळवळीचा झाला. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.चे तिकीट महिलांना अर्धे आहे. या सवलतीत बायका माहेरी जातात, दवाखान्यात जातात, देवदर्शनालाही जातात. एक दिवस कुठल्याही निमित्तावाचून स्वतःसाठी शहरात जाऊन यावे. मनासारखी साडी दहा दुकानांत पाहावी, अकराव्यात भाव पाडून घ्यावी किंवा घेऊच नये. हॉटेलात एकटीने बसून चहा प्यावा. बिल स्वतः द्यावे.

एक इशारा द्यायला हवा. हिंडणे म्हणजे उधळणे नव्हे. हप्त्यावर मोबाईल, हप्त्यावर मोटारसायकल, लग्नात कर्ज काढून रोषणाई, हे स्वाभिमानाचे लक्षण म्हणून जे चालले आहे त्याने सावकार तेवढे सुखी होतात. मसूरच्या स्टेशनावर कपडे कामाला आले नाहीत, हे विसरू नका. खरेदी कशी करावी याचा धडा आपल्याच लोकांनी घालून दिला आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जा. रात्रभर रांगेत उभा राहिलेला, पायात झिजलेली चप्पल असलेला माणूस पुस्तकांच्या स्टॉलपुढे तासभर उभा राहतो, दहा पुस्तके चाळतो, खिशातली नोट दोनदा मोजतो आणि एक पुस्तक घेऊन निघतो. शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड अशाच हातांनी घरोघर पोहोचले. न्हाव्याची आणि मसूरची आठवण बाराव्या खंडात आहे, संविधान सभेतली 'दुकान' शब्दाची चर्चा तेराव्यात. दोन्ही एका बैठकीत वाचा.

आणि मग एक दिवस ठरवा. शेजारच्या जिल्ह्याचे ठिकाण निवडा. गडी जमवू नका, काम काढू नका. सकाळच्या गाडीने जा. शहरात आपल्या इतिहासाची जी जागा असेल ती पाहा. शाळा असेल, वसतिगृह असेल, तळे असेल. मग पेठेत शिरा. पाट्या वाचा. पायरी चढा. वस्तू हातात घ्या, भाव विचारा, पटले नाही तर ठेवून द्या. तहान लागली तर दुकानात पाणी मागा. आडनाव विचारले तर स्पष्ट सांगा आणि समोरच्याचे हात काय करतात ते पाहा. हात थांबले, तर नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ आणि ६ तुमच्या बाजूने आहे. तारीख, वेळ, दुकानाचे नाव लिहून घ्या, साक्षीदार पाहा आणि पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार द्या. हात थांबले नाहीत, तर तेही घरी येऊन मुलांना सांगा. हा धंदा कसा चालतो, गाळ्याचे भाडे काय, माल कुठून येतो, एवढे विचारून या. पुढच्या सुट्टीत घरातल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला तिकिटापुरते पैसे द्या आणि एकट्याने पाठवा.